साध्या गटातल्या अळ्या

सोमवार, ११
चार वर्षं प्रयोगशाळेत अळ्या सांभाळते आहे, आणि आज सर सगळ्यांसमोर म्हणतात, “उपाशी ठेवल्यात तुम्ही.” तळपायाची आग मस्तकात गेली!

प्रयोग सरळ आहे. कोबीवरच्या अठ्ठेचाळीस अळ्या, प्रत्येकीला वेगळी डबी. गुरुवारी जाळीच्या पिंजऱ्यात अर्ध्यांवर बारीक गांधीलमाश्या सोडल्या. ही माशी अळीच्या अंगात अंडं घालते, आतलं पिल्लू अळीवरच पोसतं आणि अळीची वाढ खुंटते. उरलेल्या चोवीस साध्या. त्यांनी टुमटुमीत व्हायचं, म्हणजे दोन्ही गटांतला फरक मोजता येतो.

आज वजनं केली तर साध्यासुद्धा रोडक्या. शनिवारी डब्या भरून मीच घरी गेले होते. रविवारी पानं घालायची पाळी मदतनीस मावशींची असते. म्हणजे उघड आहे.

मंगळवार, १२
मावशींना विचारलं. काचेची भांडी धूत होत्या, हातही थांबला नाही. “ताई, मी पानं घातली. त्याच खात नाहीत.”

खात नाहीत म्हणे! अळी आणि खात नाही? तिला दुसरं काम काय असतं? चूक झाली म्हणायला जीभ जड होते माणसाची.

बुधवार, १३
साध्या आजही मागेच, आणि आता पानं माझ्या हातची आहेत. एकदा उपासमार झाली की अळी सावरत नाही, असं सर म्हणाले. तसंच असणार.

गुरुवार, १४
सरांचं नवीन. “साध्या अळ्यासुद्धा त्याच पिंजऱ्यात ठेवल्या होत्या ना?”

हो, ठेवल्या होत्या. दोन्ही गटांना वागणूक सारखी हवी, हा नियम त्यांचाच. माशीवाल्या बाहेर काढल्या, माश्या नळीत ओढून घेतल्या, आणि मग साध्या दोन तास रिकाम्या पिंजऱ्यात. पिंजरा मी स्वतः रिकामा केला. मला काय माशी दिसत नाही? इतकी वर्षं काय डोळे मिटून काम केलं?

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्या बाईला एकदा नीट विचार तरी.” आईलासुद्धा मीच चुकीची दिसते.

शुक्रवार, १५
लेखी दिलं. “रविवारी अळ्यांना खाद्य दिलं गेलं नाही.” खाली सही. सरांनी वाचलं आणि दुपारीच मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला एवढं नको होतं, पण मी तरी किती दिवस ऐकून घ्यायचं? जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या. कपाटाची किल्ली ठेवली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, १७
आता रविवारही माझ्याच गळ्यात. साध्या अळ्यांच्या डब्या उघडल्या तर कालची पानं जवळपास तशीच. ताजी कोवळी पानं, शिरा काढून दिलेली! इतके लाड करूनही ढिम्म. कोडग्या झाल्या आहेत. त्यांचाही राग आला मला आज.

मंगळवार, १९
साध्या चोवीसपैकी एकवीस डब्यांत कोष. तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरे, शेजारी सुकत चाललेली अळी. गांधीलमाशीचेच. मी तीनदा मोजले.

एक माशी पिंजऱ्यात राहिली होती. हात घालायच्या कापडी बाहीच्या घडीत असेल, कुठेही असेल. दोन तासांत तिनं जवळजवळ सगळ्या गाठल्या. मावशींनी पानं घातली होती.

लाज वाटते आहे. सरांना अजून सांगितलेलं नाही. दुपारी त्यांनी विचारलं, “रविवारसाठी नवीन कुणी बघायचं का?” मी म्हटलं, बघा.