क्रमांक ४१

७ जुलै २०२५
तिसरी फेरी सुरू. धनज गावच्या त्याच साठ बायका, पुन्हा रक्ताच्या नळ्या. अंगातली छुपी सूज दाखवणारा आकडा दर चार महिन्यांनी तोच राहतो की हलतो, ते बघायचं. तीनच्या वर गेला की वाईट — साखर, हृदय, सगळंच.
गोमतीबाईने दंड पुढे केला. "सुकेशनी, कितीदा रगत काढून राह्यली वं आमचं? एकदाच बादलीभर घेऊन जाय ना!" सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

८ जुलै
काही नाही. बावीस नळ्या.

१० जुलै
क्रमांक ४१ राहिलाय. रुपाबाई. माझी आई. नोव्हेंबरात ७.८, मार्चमध्ये ८.१. मार्चचा कागद मीच घरी आणून फ्रिजवर ठेवला होता. "मले काय धाड भरली? तुह्या मशीनलेच ताप आला असन!" म्हणाली आणि गहू सोंगायला गेली. मेमध्ये छातीत कळ आली. ऑटो कारंज्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच गेली.
ही तपासणी चालवणारे सर नागपुरात बसतात. त्यांच्याकडे नावं नसतात, नंबर असतात. त्यांना अजून कळवलेलं नाही.
रक्त मिळालं नाही तर फॉर्मवर तीन चौकोन — स्थलांतर, नकार, मृत. एकावर खूण करायची आणि नंबर कापायचा. पेन तासभर हातात होतं. नाही जमलं! रडूही येत नाही. दोन महिने हे असंच. जेवते, झोपते, नळ्या भरते.

११ जुलै
लिहूनच टाकते. सकाळी उपाशीपोटी, उपकेंद्रात कुणी यायच्या आत, माझ्याच दंडाला पट्टा बांधला. एक टोक दातांनी ओढलं. सुई पहिल्या फटक्यात बसली. नळीवर ४१ चं लेबल लावलं, बर्फाच्या डब्यात ठेवली.
चूक आहे, ठाऊक आहे. पण आई यादीत राहिली.

१९ जुलै
गोमतीबाई रस्त्यात भेटली. "कायले अशी सुकून राह्यली वं पोरी?" मी म्हटलं, काही नाही.

२ ऑगस्ट
सरांचा फोन. खूश होते. "बऱ्याच जणींचे आकडे हललेत हो. पण तुमचा एक्केचाळीस नंबर बघा — ७.८, ८.१, ७.९! इतका स्थिर अख्ख्या यादीत कुणाचा नाही."
मी एकोणतीस वर्षांची आहे.
"सर, त्या मेमध्येच वारल्या," मी म्हटलं. "तिसरं रक्त माझं आहे."