हरणीच्या पापण्या

मंगळवार, संध्याकाळचे साडेसात

हरणीला पापण्या असतात. असणारच म्हणा, पण एवढ्या लांब, एकेक मोजून घ्यावी अशा? नव्या टीव्हीवर जंगलाची मालिका लावली होती. आण्णांचा चहाचा कप हातातच राहिला. म्हणाले, "पोरी, आजवर ह्यांचं ढुंगणच पाह्यलं मी. तोंड आत्ता बघून राह्यलो."

खरंय. जन्मभर धावड्याच्या रानात, म्हणजे आमच्या शेतात, डबा बडवून, धोंडे मारून हरभऱ्यातली हरणं हाकलली. पळणारं जनावर पाठमोरंच दिसणार.

मी लगेच म्हटलं, "मंग रविवारी कुंपणात करंट सोडणार का तुम्ही?" तारेचं भेंडोळं आठवडाभर ओट्यावर पडलंय. त्यावरून आमचं रोज वाजतं, कारण त्या करंटनं हरीण जागच्या जागी मरतं.

आण्णा चिडले. "टीव्हीतली हरणं माझा हरभरा खात न्हाईत!"

तेव्हा बोलायला नको होतं. मुद्दाम लावली मालिका, असं वाटलं असेल त्यांना. मुद्दामच लावली होती का मी? थोडी.

अंधार पडताच आण्णा डबा आणि बॅटरी घेऊन शेतात गेले. आत्ता आले.

"हाकलली?"

"हाकलली की. फुकट चारू काय?" मग ओट्यावर चढताना म्हणाले, "एक बांधावर थांबली. लई वेळ तोंडावर बॅटरी धरली. पापण्या काही दिसल्या न्हाईत."

मारायला उचललेला धोंडा अजून त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी तारेच्या भेंडोळ्यावर ठेवला आणि आण्णा आत गेले.