सासरेबुवांचं मशीन आणि माझी सर्व्हिसिंग

मंगळवार, ११ जून. सकाळी ८
सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात. आठवडाभर त्यांचं घर आमच्या ताब्यात. जाताना मला एवढंच म्हणाले, की शनिवारी मी येईपर्यंत गवत कापून ठेवा, आणि बाकी कशाला हात लावू नका. एकोणीस वर्षं जावई आहे, पण या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द नाही. यंदा काढायला लावणार.

गवत कापायचं मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. पण आवाज मला पटला नाही. कार्बोरेटर साफ करायला हवा. ही म्हणाली, चालतंय ना, मग कापा की गवत. इंजिनचं मन हिला कळत नाही.

दुपारी १
व्हिडिओ पाहिला. अर्धाच, पुढे तो माणूस फार बोलतो. कार्बोरेटर उघडला. आत पेट्रोल अडवणारी एक छोटी सुई असते. तिच्या टोकावर काळा मळ घट्ट बसला होता. पॉलिश पेपरने घासघासून काढला. टोक आता लखलखतंय. इतक्या वर्षांत सासरेबुवांना एवढं दिसू नये?

बुधवार, १२ जून
मशीन जोडलं. खालून पेट्रोल गळतंय, थेंब थेंब. नुकतंच साफ केलंय, रुळेल.

संध्याकाळी ५
रुळलं नाही. खाली हिचं केक फेटायचं भांडं ठेवलंय. हिला अजून माहीत नाही.

गुरुवार, १३ जून
चार वेळा उघडलं, पाच वेळा जोडलं. कसं ते माझं मलाच कळलेलं नाही. सुरू करायला गेलो तर इंजिन पेट्रोलने तुंबलेलं. मग सांध्याला कपड्यांचा साबण चोळला. ही माझी स्वतःची कल्पना. गळती बंद! आत जाऊन हिला जाहीर केलं. परत आलो तर साबणासकट गळत होतं.

गवत घोट्यापर्यंत होतं, आता पोटरीला लागतंय. सासरेबुवांचा फोन आला. गवत कसं आहे विचारलं. हिरवं आहे म्हटलं.

शुक्रवार, १४ जून
सुई घेऊन स्पेअरपार्टवाल्याकडे गेलो. मळ कसा काढला तेही सांगितलं. त्याने सुईच्या टोकावरून नख फिरवलं. मग म्हणाला, काका, तो मळ नव्हता, रबर होतं. पेट्रोल तेच अडवतं. नवी सुई सोमवारी येईल.

सोमवारी! दुपारी कात्री घेऊन गवतात बसलो. अडीच तासांत एका पलंगाएवढी जागा कापून झाली. हाताला फोड. मध्येच रडू आलं, पण ते पेट्रोलच्या वासाने असावं.

शनिवार, १५ जून
सासरेबुवा वॉकर टेकत थेट मशीनच्या शेडमध्ये. आधी टाकीखालचा कॉक फिरवला. गळती बंद. असा कॉक असतो! मग मला फळीवरचा डबा काढायला सांगितलं. आत तीन नव्या सुया. चार दिवस हा डबा माझ्या डोक्यावर होता. स्टुलावर बसून त्यांनी दहा मिनिटांत काम उरकलं. मी शेजारी टॉर्च धरून उभा. उठताना म्हणाले, जावईबापू, टॉर्च मात्र तुम्ही छान धरता.

एकोणीस वर्षांनी! धावत जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, बाबा टोमणा मारत होते. टॉर्च बंद होती, मी दारातून पाहिलं.

माहीत आहे. सेल संपलेत, ते मलाही दिसत होतं. पण छान म्हणाले, एवढं तर खरं.