नऊ नंबरचं रीळ

रविवार, ७ नोव्हेंबर १९७६

"रील खा गया! ए ऑपरेटर, रील खा गया!" — अख्खं थेटर ओरडत होतं आणि मी बायकांच्या बाजूला तोंडाला पदर लावून बसलेली. शिव्या कोणाला? माझ्याच नवऱ्याला! लूमवाली माणसं, घामाचे पैसे देऊन आलेली, ती कसली गप्प बसतात. एकानं तर वर केबिनच्या भोकाकडे बघून "सोमाऽऽ" म्हणून नावानिशी उद्धार केला.

झालं असं — इंटरव्हलनंतर हिरो देवराज एका हॉटेलच्या खोलीत एकटा बसलाय. सिगारेट पेटवायला काडी ओढतो. काडीकडे बघत राहतो, बघत राहतो — आणि एकदम विमानतळ! त्याचे डोळे सुजलेले. हिरॉईन म्हणते, "अब मैं समझी." काय समजलीस बाई? आम्हालाही सांग की!

घरी आल्यावर यांना विचारलं. "प्रिंटच तशी आली. पाच वर्षं जुनी, फाटकी," म्हणाले. देवराजचा चौथा पिक्चर महिनाअखेरीला लागणार, म्हणून मालकांनी तिसरा पुन्हा लावलाय, लोकांना आठवण राहावी म्हणून.

एरवी हे घरात दोन शब्द बोलत नाहीत, पण देवराज हेराचं नाव काढलं की गाडी सुटते. "पहिले दोन पंजाब्यानं काढले. त्याचा देवराज मुक्के मारतो, हसतो, पोरी फिरवतो. कुठनं आला, कोणाचा कोण, कोणी विचारत नाही. तिसऱ्याला बंगाली डायरेक्टर आला. त्यानं माणूसच बदलला. कोट तोच, नट तोच, माणूस दुसरा!"

"दुसरा म्हणजे कसा?" मी म्हटलं.

तर भात मागितला.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

शाळेत आज भांडण! केसरीनाथ मास्तर रोज कल्याणहून येतात. मधल्या सुट्टीत म्हणाले, "देवराजची आई मरते तेव्हा आमची म्हातारी थेटरात हुंदके देऊन रडली."

"कुठली आई? त्याला आई नाही न् बाप नाही."

"अहो बकुळाबाई, झोपला होतात काय?"

आमच्या भिवंडीच्या चार जणी माझ्या बाजूला. आम्ही सगळ्यांनी याच आठवड्यात पहिल्यांदा बघितलाय, आई नाहीच! मास्तर एकटे पडले, बिचाऱ्यांचा चहा निवला. सातवीचा वर्ग तोवर बाकांवर नाचत होता, हेडबाईंनी मलाच झापलं.

संध्याकाळी यांना हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत. "कल्याणची लोकं काय वाट्टेल ते बोलतात," म्हणाले.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

आज सासूबाईंचा स्मृतिदिन. खीर केली, मेणबत्ती लावली. हे तिसरं वर्ष. फोटो नाही, त्यामुळे मेणबत्ती नुसती कोनाड्यात ठेवते.

हे मला बघायला आले होते ते एकटेच आले होते. ना काका, ना मामा, ना शेजारीपाजारी. अण्णांच्या कपाळाला आठी! असा मागेपुढे कोणी नसलेला मुलगा कोण पसंत करतो? मग अण्णांनी आईचं विचारलं आणि यांनी खाली बघून सांगितलं — आई शारदाबाई, मुंबईला गोदीत एका गुदामात कामाला. गुंडांनी गुदाम पेटवलं. तिनं पोराला रिकाम्या पिंपात घातलं, म्हणाली, "शंभरपर्यंत मोज, मी आलेच." यांनी शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. आई आली नाही.

आमचे अण्णा स्वतःच्या आईच्या वेळी रडले नव्हते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आजपासून हा माझा मुलगा." आठवडाभरात तारीख ठरली.

मला सहावा चालू आहे. मुलगी झाली तर शारदा. मी ठरवूनच टाकलंय.

रविवार, १४ नोव्हेंबर

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

सकाळी कल्याणला ताईकडे गेले होते. चंद्राताई म्हणाली, घरात बसून काय करायचं, देवराज लागलाय, चल. मी म्हटलं बघितलाय मी. म्हणाली, मी नाही ना बघितला!

देवराज काडी ओढतो. काडीकडे बघत राहतो. आणि विमानतळ नाही! गुदाम. आग. एक बाई, ओचा खोचलेली. छोट्या पोराला पिंपात घालते आणि म्हणते, "मुन्ना, सौ तक गिन, मैं अभी आई." बाहेरून गुंड हाक मारतो — "शारदा!"

शारदा! नावसुद्धा तेच ठेवलंन मेल्यानं!

आजूबाजूला सगळ्या रडतायत. ताईनं माझा दंड धरला. "बकुळे, अगं ही तर भाऊजींची गोष्ट! पिक्चरवाल्यांनी चोरली की काय?" मला क्षणभर खरंच तसं वाटलं. देवाशपथ वाटलं. मग हिशेब लागला. पिक्चर एकाहत्तरचा. हा आमच्या घरी आला त्र्याहत्तरला. चोर कोण, ते कळायला परीक्षा द्यावी लागत नाही.

आणि भिवंडीत ते रीळ का नाही, तेही कळलं. प्रिंट फाटकी म्हणे! मी येणार म्हणून ह्यानं काढून ठेवलं. माझ्या एकटीपायी या खेपेला सगळ्या गावाला देवराजची आई दिसली नाही. इकडं निजामपुऱ्याच्या थेटरात माणसं उगाच शिव्या घालून घालून दमली.

आगीत पत्र्याच्या पिंपात पोर भाजून निघालं असतं, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. शास्त्र शिकवते मी! लाज वाटते.

सोमवार, १५ नोव्हेंबर

मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मुकाट जेवला.

बुधवार, १७ नोव्हेंबर

या वहीत आजपासून 'हे' बंद. 'तो'!

सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा विचारलं. "शंभर झाले का मोजून?"

आरशातच थांबला. अर्ध्या गालाला फेस. खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मात्र म्हणेन. "कल्याणला बघितलास?"

"कुठं आहे ते रीळ?"

"केबिनमध्ये. डब्यात. नऊ नंबरचं. परत पाठवताना जोडणार होतो."

मग मी सुटलेच. तीन वर्षं खीर केली! कोणासाठी? एका नटीसाठी? ती बाई मुंबईत मोटारीतून हिंडत असेल आणि मी इकडे तिच्या नावानं मेणबत्त्या लावतेय! अण्णा रडले. माझा बाप रडला रे तुझ्या पिक्चरला, तेही तिकिटाशिवाय!

गालावरचा वाळलेला फेस त्यानं टॉवेलनं पुसला. मग म्हणाला, "ते रीळ एकाहत्तरला मी इथंच दिवसाला चार खेळ, असं सात आठवडे चालवलं. पंजाब्याच्या देवराजला कोणी विचारत नाही, तुझं घर कुठलं, आई कोण. मला सगळे विचारायचे. बंगाल्यानं लिहिलेलं चांगलं होतं. मी घेतलं."

घेतलं म्हणे! बाजारातनं मेथीची जुडी घेतल्यासारखं.

"मग खरं काय आहे?"

"खरं काही नाही," म्हणाला आणि ड्युटीला गेला. एक गाल तसाच, दाढीचा.

शनिवार, २० नोव्हेंबर

शेजारच्या काकू विचारत होत्या, नाव काय ठेवणार. म्हटलं अजून ठरलं नाही. घरात येऊन रडले.

पोटातल्या पोराला उद्या आजीचं काय सांगू? कुठल्या भागातलं सांगू — दुसऱ्या की तिसऱ्या? खरं कळल्याशिवाय मी बाळंतपणाला या घरात राहणार नाही. अण्णांकडे जाईन. त्याला तसं सांगितलंय. ऐकलं आणि चपला घालून बाहेर गेला.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

आज चौथा देवराज लागला. मला वाटलं, पहाटेच पळेल केबिनकडे. गेली बारा वर्षं त्यानं एक पहिला खेळ चुकवलेला नाही. तर आज पांघरूण घेऊन पडून! "ताप आहे." कपाळाला हात लावला, गार. शाळेतून आले तरी तसाच.

संध्याकाळी थेटरचा दरवान नामा आला, चौकशीला. म्हातारा अजून हबकलेला होता. "सोमा, बरं झालं न्हाय आलास! पब्लिकनं खुर्च्या फाडल्या."

"का हो?" मी विचारलं.

"आता मद्रासी डायरेक्टर आनलाय ना. त्येनं काय केलंय — देवराजची आई मेलेलीच न्हाय! आग लागली तवा दुसऱ्याचा हात धरून निघून गेली. आता मोठ्या बंगल्यात ऱ्हाते. देवराज तिच्या दारात जातो, तर ती वळखच देत न्हाय! पब्लिक पेटलं. आई अशी नसते म्हनले. मागल्या पिक्चरला आमी रडलो त्ये काय फुकट? पडद्यावर चपला मारल्या."

मी म्हटलं, "इथं मागला परवा पुन्हा लावला तेव्हा कोणी रडलंच नव्हतं, नामाकाका. रीळच नव्हतं."

सोमा उठला आणि मोरीत जाऊन तोंड धुवायला लागला. किती वेळ! नळाचा आवाज येत राहिला. नामा माझ्याकडे वाकला. "थेटरवाल्यांना पिक्चर आधी दावतात ना, त्या ट्रेड-शोलाच त्येला म्हाईत झालं व्हतं, म्हनून त्यो आला न्हाय. पोरी, त्येचीच गोष्ट हाय ना ती. शेलार गावची कलावती, त्येची आई. न्हवरा मेला, हा सात वर्साचा. तिनं पाट लावला. पाटाच्या बाईनं पहिलं पोर नेऊ नये म्हनतात, तिनं तर तिकडं सांगितलंबी न्हाय पोर हाय म्हनून. हा चुलत्याकडं ऱ्हायला."

"जिवंत आहे?"

"मंग! चांगली धडधाकट हाय."

शनिवार, २७ नोव्हेंबर

शेलार! इथून हाकेच्या अंतरावर. जिवंत सासू हाकेच्या अंतरावर, आणि मी तिचं वर्षश्राद्ध घालतेय!

दरवानाला माहीत. मालकालाही माहीत असणार. पानवाल्याला माहीत असेल. गावात एक मीच ठार आंधळी. त्याला आई आवडत नाही म्हणून तिला जाळून टाकली? नवरा मेलेल्या बाईनं दुसरं घर केलं तर काय पाप केलं? आमच्यात सगळ्याच करत आल्या. बाबासाहेबांचं नाव घेतो आणि आईच्या पाटाची लाज वाटते ह्याला!

उद्या रविवार. मी जाणार. तिला घरी घेऊन येणार. मग बघते कुठलं रीळ काढून लपवतो.

रविवार, २८ नोव्हेंबर

गेले होते.

घर लगेच सापडलं. कौलारू, अंगण सारवलेलं, दारात दोन सायकली. ती सुपात तांदूळ घेऊन बसलेली. कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच भुवया, तोच मान तिरकी करून बघायचा ढंग. मला भरूनच आलं. सगळा राग तिथंच अंगणात गळाला.

"बस बाय," म्हणाली. सुनेला पाणी आणायला सांगितलं. "कितवा?"

"सहावा संपत आला."

"कोनाची गं तू?"

मी म्हटलं, "तुमच्या सोमाची बायको."

सुपातला हात थांबला नाही. तांदूळ निवडतच राहिली. सून तांब्या घेऊन दारात उभी, मोठा मुलगा सायकलला तेल घालत होता, तोही वर बघायला लागला. ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "माझं पहिलं लेकरू ह्ये. सोमा कोनी न्हाय आमच्यात. तू घर चुकलीस."

"निजामपुऱ्यात थेटरमध्ये —"

"न्हाय बाय. पानी पी आन् जा. उन्हाची फिरू नको अशी."

आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. दोन जिवांच्या बाईला रिकामी पाठवू नये म्हणून सुनेकडून माझ्या ओटीत मूठभर तांदूळ घातले. स्वतः उठली नाही.

रस्त्यात एका दगडावर बसले. रडू येईना. शिवी पण येईना. कालपर्यंत ज्याच्यावर चिडले होते, त्याच्यावर चिडायचं की हिच्यावर, तेच कळेना.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

शेवटी यांना सांगितलं, शेलारला जाऊन आले. वाटलं, आता ओरडतील. हे केळं सोलत होते, तसेच सोलत राहिले.

"पाणी दिलं ना?" म्हणाले. "मला पण दिलं होतं. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी गेलो होतो. म्हटलं, आई, उद्या मुलगी बघायला जायचंय, मोठं माणूस बरोबर लागतं, तू चल. तर म्हणाली, कोनाचा रे तू?"

अर्धं केळं माझ्या हातात दिलं.

"आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, आई काय करते तुमची."