हौशीचा ऊस

कोराडी,
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हर्षास,
मिनलचे अ. आ.

वहिनीबाई, तुझा ऋषिकेश ट्रक घेऊन बाहेर आणि घरात फोन एकटा आईचा, तोही तिला ऐकू कमी येतं म्हणून सदा स्पीकरवर. बाबांच्या कानी गेलं की मुसळ केरात, म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी संकरित नेपियर गवताच्या उंच ताटांची मोळी कुहीच्या बसमध्ये ठेवते आहे. कांड्या तोडून पेरावरचा डोळा मातीत जाईल अशी तिरपी कांडी रोवायची नि पाणी द्यायचं. आमच्या कॉलनीमागच्या दूधवाल्याच्या गाई हे खाऊन बादल्या भरून राहिल्या आहेत.

बाबांचं म्हणणं मला पाठ आहे, की गवत निंदाले जिंदगी गेली, आता तेच लावून लोकांले हसवू काय. पण नुसत्या धानाच्या तणसावर हौशी दूध देत नाही म्हणून गुरांच्या व्यापाऱ्यालाही तेच बोलावून बसले. माहेरून वासरू असताना आणलंस तिला, अशी कशी जाऊ देशील? शेतातल्या विहिरीजवळच्या बांधीत गुपचूप लावून टाक. आईला फोनवर एवढंच सांगितलंय, की तुळशीच्या लग्नाआधी मोळी येईल.

सर्वांना नमस्कार, नि तुझ्यावर जीव आहेच.
तुझी नणंद,
मिनल

कुही,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. मिनलताईस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. मोळी त्याआधीच आली, आणि परवा तुळशीचं लग्न तुमच्या गवताखाली लागलं.

आईंना वाटलं, लेकीने मांडवासाठी ऊस धाडला. त्यांनी तो उभा केला, वर गाठी मारल्या आणि सारी गल्ली बोलावली. मीही अक्षता टाकल्या, मला काय ठाऊक? ऊस जरा किडकिडीत आहे एवढं मात्र मनात आलं. मग रीतीप्रमाणे मांडव मोडला नि ज्याने त्याने कांडं प्रसाद म्हणून घरी नेलं. शेजारच्या दुर्गेशभाऊंनी बराच वेळ चघळलं आणि आईंना विचारून गेले, की काकू, या उसाले गोडी काहून नाही वं. प्रसाद फेकवत नाही, म्हणून लोकांनी कांड्या परसात ओल्यात खोचून ठेवल्या.

हसत हसत चुलीपुढे बसले आणि तिथेच रडू आलं. व्यापारी पुढच्या रविवारी येतो. दुसरी मोळी मिळेल का?

लोभ उतू जाऊ द्या, आटू देऊ नका.
आपली,
हर्षा

कोराडी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हर्षास,
अ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की ह्यांना ड्युटीवर रिकामाच डबा दिला. दूधवाला म्हणतो की पुढची कापणी उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर दुसरी मोळी नाही, म्हणून आता बाबांना खरं सांग. चिडले तर माझ्या नावावर खपव, त्या घरात काहीही सांडलं तरी माझंच नाव निघायचं. परसातल्या कांड्या जगल्या असतील, मागून आण. तूच जा पण. बाबा कोणाच्या दारी कधी चमचाभर साखरही मागायला गेले नाहीत.

हौशीच्या पाठीवरून माझा हात फिरव.
मिनल

कुही,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मिनलताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुळशीमायचं लगन वैरणीखाली लागलं म्हणून आई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी टोपली घेऊन निघाले, तर मामाजींनी, तुमच्या बाबांनीच, ती माझ्या हातून घेतली, टोपी चढवली आणि स्वतःच गेले.

ताई, ते दारोदार उभे राहून सांगत होते, की परसादाचा तो ऊस वापस द्या, तो आमच्या गाईचा व्हय. बाया अंगणात जमल्या, गल्ली हसून बेजार झाली, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते मामाजीच. दुर्गेशभाऊंनी लाजत आपलं चघळलेलं कांडं आणलं, तर डोळा शाबूत आहे म्हणून तेही घेतलं.

काल आम्ही दोघं बांधीत कांड्या रोवत होतो तेव्हा व्यापारी शेताच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मामाजींनी मान वर न करताच त्याला परत पाठवलं. म्हणाले, की जिच्यासाठी साऱ्या गावात हात पसरले, ते गाय इकत नसतेत गा.

घरातल्यांचा आणि गोठ्यातलीचा नमस्कार. माया अशीच राहो.
आपली,
हर्षा