टाचेतल्या पिपाणीची व्यवस्था

मी, लहान मुलांचे बूट शिवणारा कारागीर, कोणी मागे न लागता आणि डोके ठिकाणावर असताना, माझ्या पश्चात घरात गोंधळ नको म्हणून हे लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले नसते.

कलम १. दुकान, मागची खोली आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीचे. खोलीचे दार आधी उचलून मग ओढावे लागते, नाहीतर कडी बसत नाही. हे जावयाला सांगावे. तो नुसताच ढकलत बसतो.

कलम २. रापी, आरी, हातोडी आणि लाकडी फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट चढवून शिवतो ते लाकडाचे इवलेसे पाय, हेही मुलीचेच. नोकरी सोडून ती दुकान चालवणार म्हणते. भंगारवाल्याला यातले काही दिले तर याद राखा. सर्वांत छोटा फर्मा माझ्या मुठीत मावतो. त्यावर मी तिचे पहिले बूट बेतले होते. पांढरे कातडे, घोट्याच्या वर येणारी नाडी, कडक तळ. तेव्हा आया म्हणायच्या, "असे बूट द्या, की पोर पडता कामा नये." पोरे पडायचीच. पण काय ऐटीत पडायची!

कलम ३. ते पांढरे बूट पत्र्याच्या डब्यात आहेत. टाचेत पिपाणी आहे. बायको लवकर गेली, दुकानासमोरून ट्रक जायचे, माझी मान कामात खाली. पोर कुठे आहे ते कानाला कळावे म्हणून पिपाणी बसवली. शेजारचा शिंपी रोज कटकट करायचा, "अरे, तुझ्या पोरीच्या पी-पीने माझी शिलाई वाकडी होते!"

एकदा पिपाणीत चिखल गेला आणि ती मुकी झाली. मी हातोडी मारत होतो, मला पत्ताच नाही. पी-पी थांबलेली कळली ती शिंप्याला; मशीन थांबवून तोच धावला. रस्त्याच्या कडेवरून तिला उचलून आणली आणि गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, "कान गहाण टाकलेस काय रे?" वर गल्लीभर बोभाटा केला. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते.

कलम ४. आता नात चालू लागली आहे. दिवसभर माझ्याजवळच असते. जावयाने मऊ बूट आणले. म्हणाला, "बाबा, पायाला हेच चांगले." असतील. पण आवाज नाही! पोर मांजरासारखी येते-जाते आणि माझा जीव टांगणीला. म्हणून डब्यातल्या बुटांना मी नवी पिपाणी बसवली आहे. हाक मारल्यावर परत यायला शिकेपर्यंत नातीने दुकानात तेच घालावेत. रोज संध्याकाळी टाचणीने पिपाणी साफ करावी. मुलगी म्हणते, शेजारी वैतागतील. वैतागू देत.

कलम ५. खरी काळजी ही. बूट देता येतात, कान कोणाला देऊ? माझ्या जागी मुलगी बसेल, तिचीही मान खाली असेल, तिचीही हातोडी वाजेल. पिपाणी थांबलेली कळणार कोणाला? तर ऐकण्याचे काम मी शेजारच्या शिंप्याकडे सोपवतो. वकील म्हणतो, शिंपी यावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. मी देत नाही, कामाला लावतोय. त्याने केलेला बोभाटा माफ. बराचसा.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

लिहून ठेवणार: बूटवाला.

साक्षीदार: समोरची औषधवाली. माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर होते.

साक्षीदार: शेजारचा शिंपी. मजकूर वाचला. बोभाटा नव्हता, खरे तेच सांगितले होते. नात आत्ता तुझ्या उंबऱ्याशी आहे. आता फर्म्यांकडे वळली. तू निवांत जाऊन ये. ऐकतोय.