भरल्या गाडीचे दिवे

प्रिय पक्कड,

हे पत्र रसद घेऊन वर येणारा ट्रकवाला तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज, पण पत्र त्याच्यासमोर फोडू नकोस, नाहीतर परतीच्या वाटेवर तो ते घरोघरी वाटत येईल. तुझ्याशी वायरलेसवर बोलता आलं असतं, पण तिथे मी शिंकलो तरी सात चौक्यांवर ऐकू जातं. आणि मला जे सांगायचंय ते सात चौक्यांनी ऐकण्यासारखं नाही. बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस आपली चूक कबूल करायला बसलाय, म्हणजे थोडा आडोसा हवाच ना.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या मामीने वर्कशॉपमधली शिडी घरात आणून पलंगाखाली सरकवली आहे आणि मी विचारलं की बहिऱ्यासारखं करते. तुझ्या गाडीच्या टपावरून उतरवलेला तो लांबलचक एलईडी बार आता वर्कशॉपच्या दारावर बसलाय. म्हणजे वेल्डरने बसवला, मी खाली खुर्चीवर बसून सूचना दिल्या. संध्याकाळी लावला की अंगणात पडलेली टाचणीसुद्धा दिसते. येणारा-जाणारा विचारतो, एवढा जबरदस्त दिवा गाडीवरून का काढला? मी आधी सांगायचो, भाचीला आवडला नाही. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

तू दवाखान्याची गाडी घेऊन दारात उभी राहिलीस तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. मागच्या थंडीत सुताराच्या बायकोला बाळंतपणासाठी खाली नेताना धुक्यात काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वळणावर जुन्या ड्रायव्हरला काही म्हणजे काही दिसेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे कळा देणारी बाई. आणि तू, तेव्हा साधी मदतनीस, हातात बॅटरी घेऊन दोन तास गाडीच्या पुढे चालत होतीस. माय-लेक वाचले, पण ते अगदी थोडक्यात. तो ड्रायव्हर त्यानंतर नोकरी सोडून गेला, गाडी तुझ्या हातात आली, आणि पहिल्याच महिन्यात तू वरच्यांकडून जादा दिव्यांची मंजुरी मिळवलीस. म्हणजे गंमत म्हणून दिवे लावायला तू आली नव्हतीस. पुढचा पेशंट खाली पोचणार की नाही, एवढाच प्रश्न होता. मला तो त्या दिवशी तितका कळला नव्हता, हे आता प्रांजळपणे लिहितो.

मला काय कळत होतं? मोठा दिवा म्हणजे चांगला दिवा. दुकानात होता तो सगळ्यात मोठा बार मी आदल्या दिवशीच पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. भाचीची गाडी, मामाचा दिवा, सगळा डोंगर बघत राहील असं मनात मांडे खात होतो. तर तू खिशातून वही काढलीस. ऑक्सिजनचं मशीन चालू असताना अल्टरनेटरवर आणखी किती भार टाकता येईल? उजेड लांब पडतो की रुंद? पांढरा की पिवळा? मी म्हटलं, अगं, मुलगा बघायला आली आहेस का? वेल्डर खो-खो हसला. तू हसलीही नाहीस आणि चिडलीही नाहीस, वहीत पुढची ओळ वाचलीस.

मग तुझी ती बादली. दुकानात होते नव्हते ते तीन जातींचे छोटे दिवे तू बाकावर मांडलेस, तासभर पेटते ठेवलेस आणि हात भाजतील इतके तापल्यावर एकदम गार पाण्यात बुडवलेस. माझा जीव वरखाली झाला, विकायचा माल होता तो. मला म्हणालीस की ओढ्यातून गाडी काढताना हेच होतं, तापलेला दिवा आणि बर्फासारखं पाणी. सकाळी बघतो तर त्यातल्या एका दिव्याच्या काचेला आतून बाष्प धरलेलं. नेमका तोच, जो मी पाच वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे विकत होतो. लहानपणी सुट्टी लागली की आक्का तुला आमच्याकडे सोडायची, तेव्हा तू गंजलेला नट हातात धरलास की सुटेपर्यंत जेवायला यायची नाहीस. तुझं पक्कड हे नाव मी उगाच नाही ठेवलं.

तरीही मी आपलंच घोडं पुढे दामटलं. बार टपावर चढवला. तू म्हणालीस, तुझं मन राखते मामा, पण एकदा धुक्यात बघू. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आपण दुसऱ्या वळणावर गेलो. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि समोर चुन्याची भिंत उभी राहिली. सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत. रस्ता राहू दे, बॉनेटचं टोक दिसेना. तू शांतपणे बार बंद केलास आणि बंपरच्या खाली तारेने तात्पुरते बांधलेले दोन पिवळे दिवे लावलेस. ठेंगणे, रुंद उजेडाचे, जरासे बाहेरच्या अंगाला वळवलेले. कडेचा एकेक दगड दिसायला लागला. बॅटरी डोक्यावर धरली की धुकं दिसतं आणि गुडघ्याशी धरली की रस्ता दिसतो, हे त्या दोन तासांच्या चालण्यात तू शिकली होतीस. आणि मी बत्तीस वर्षं दुकानात बसून नाकाने कांदे सोलत होतो. परत येईपर्यंत मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आठवतं? खरं म्हणजे माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

पण ज्यासाठी आज लिहायला बसलो ती गोष्ट त्यानंतरची. बार उतरवला, पिवळे दिवे पक्के बसवले, वर लांब पल्ल्याची एक जोडी दिली, स्ट्रेचर चढवतात त्या मागच्या दारावर एक लहानसा दिवा दिला, समोरून कोणी आलं तर झटकन बंद करता यावेत म्हणून प्रत्येकाला वेगळं बटण दिलं. उरलं फक्त दिव्यांचा कल लावणं. ते तर माझं राखीव काम. सपाट जमीन, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी, भिंतीवर खडूची आडवी रेघ, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेला टेकवायची. डोळे मिटून करतो मी ते. केलंही. पाना पुसून खिशात ठेवतोय तोच तू विचारलंस, "गाडी खाली उतरते तेव्हा रिकामी कधी असते, मामा?"

मला आधी कळेचना तू काय म्हणतेस. तू ऑक्सिजनचं नळकांडं चढवलंस, पाण्याचे कॅन चढवले, जॅक, साखळ्या, जादा चाक. मग स्ट्रेचर बाहेर ओढून माझ्याकडे बघत राहिलीस. पेशंट हवा होता ना. ब्याऐंशी किलोचा तयार पेशंट समोर उभा होता. मी स्ट्रेचरवर आडवा झालो, वेल्डरने पट्टे आवळले, मला म्हणे, मामा, डोळे मिटा म्हणजे खरं वाटेल. फाजील कुठला. मला पडल्या पडल्या फक्त गाडीचं छत दिसत होतं. बाहेर जमलेले बघे एकदम कुजबुजायला लागले. मग तू येऊन पट्टे सोडलेस, माझ्या जागी वेल्डरला आडवं केलंस आणि मला भिंतीपाशी नेलंस.

उजेड रेघेच्या वर वीतभर चढला होता. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं गं. पण मी बत्तीस वर्षं सगळ्या गाड्यांचे दिवे रिकाम्या गाडीवर लावले. भिंतीवरची वीत शंभर पावलांवर पुरुषभर होते. म्हणजे माल भरून, माणसं भरून जेव्हा त्या गाड्या निघाल्या, तेव्हा माझे दिवे झाडांचे शेंडे दाखवत होते आणि रस्ता अंधारात होता. जुना ड्रायव्हर दोनदा मला म्हणाला होता की दिवे वर बघतात. मी त्याला म्हटलं होतं, चष्मा बदल. आणि सुताराच्या बायकोला घेऊन तो त्या दिवशी माझ्याच हातच्या दिव्यांवर निघाला होता. धुकं होतं हे खरं, पण दिवे खाली असते तर कदाचित थोडं दिसलं असतं. तुला कदाचित दोन तास चालावं लागलं नसतं. भिंतीसमोर उभा राहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतकी माणसं जमली होती, मी तुला दोनच दिवसांपूर्वी चारचौघांत चिडवलं होतं, परतफेड करायला याहून बरी वेळ मिळाली नसती. पण तू माझ्या खिशातला पाना काढून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, शेवटचा नट तूच आवळ, तुझ्यासारखा कोणाला जमत नाही. पोरी, हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याची चूक दाखवून पुन्हा त्याची मान ताठ ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या बाकाखाली वॉशर वेचत मोठं झालं, याचा मला किती अभिमान आहे ते तुझ्या तोंडावर मला कधी सांगता आलं नसतं. आता नियम म्हणून सांगतो: तेव्हापासून दुकानात एकही गाडी रिकामी उभी करून दिवे लावलेले नाहीत. वाळूची पोती आणून ठेवली आहेत. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून फुकट लावून देतोय, आणि का ते विचारलं तर आता खरं सांगतो.

आता मामीने शिडी का लपवली ते. डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. माझ्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही म्हणे. खालच्या मोठ्या दवाखान्यात गुरुवारी दाखल व्हायचंय, शुक्रवारी ऑपरेशन. आपल्या चिरंजिवांनी लांबच्या गुळगुळीत रस्त्याने मला न्यायला आलिशान गाडी ठरवली होती, नऊ तासांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑक्सिजन सोबत हवा आणि वेळ कमी हवा. मी म्हटलं, मग मला एकच ड्रायव्हर ठाऊक आहे. तेव्हा गुरुवारी सकाळी खाली उतरताना मला घ्यायला ये. तुला वायरलेसवर हुकूम येईलच, पण त्यात फक्त पेशंट पुरुष, वय बासष्ट एवढंच असेल, आणि तू दारात येऊन दचकावंस असं मला नको होतं. भिंतीवर खडूची रेघ ताजी मारून ठेवली आहे. माझं वजन आठ किलोंनी उतरलंय, तेवढा एक पाण्याचा कॅन जादा ठेव म्हणजे दिव्यांना हात लावावा लागणार नाही. भीती वाटते गं, खोटं कशाला सांगू. पण ती ऑपरेशनची आहे, रस्त्याची नाही. मागे पडल्या पडल्या मला नुसतं छत दिसणार, तेव्हा एक कर. दुसऱ्या वळणावर धुकं लागलं, तर मला मोठ्याने सांग. आणि पिवळे लावलेस की तेही सांग.

तुझाच,
मागचं वजन,
मामा